घरचा व्यायाम : सात घरांच्या नोंदी, पुणे

९ जून २०२५, सोमवार

आजपासून सुरुवात. सात मुलं, सात घरं, साधारण चार महिने. सगळी सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो), वय दीड ते नऊ वर्षं. धनकवडीच्या आमच्या छोट्या थेरपी सेंटरवर ही मुलं आठवड्यातून दोनदा येतात, दर वेळी पाऊण तास. आठवड्याच्या १६८ तासांतला दीड तास माझ्या वाट्याला. बाकी वेळ मूल आईच्या कडेवर, आजीच्या मांडीवर, मोरीत, रिक्षात, टीव्हीसमोर असतं. त्या वेळात काय घडतं ते मी अकरा वर्षांत फक्त ऐकलंय. या वेळी प्रत्येक घरी जाऊन बघायचं ठरवलं आहे.

मुलांची नावं इथे लिहिणार नाही. राहतात त्या भागावरून ओळख : धायरी, हडपसर, कोथरूड, येरवडा, कात्रज, वारजे, बिबवेवाडी.

हालचालींची पातळी जीएमएफसीएसप्रमाणे मांडली. १९९७ पासून हे पाच पातळ्यांचं वर्गीकरण वापरात आहे. पहिल्या पातळीवरचं मूल आधाराशिवाय चालतं, पाचव्या पातळीवरच्याला मान सावरायलाही मदत लागते. कोथरूड १, वारजे आणि बिबवेवाडी २, हडपसर आणि कात्रज ३, धायरी ४, येरवडा ५.

१४ जून, शनिवार

पालकांची पहिली बैठक. सहा आया, एक आजी. विचारलं, मुलाकडून काय व्हावंसं वाटतं? सहा जणींचं एकच उत्तर : चालायला हवं. येरवड्याची आई काहीच बोलली नाही.

मग प्रश्न बदलला. काल दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जास्त कशानं दमवलं? त्यावर तासभर कोणी थांबेना. धायरीची आई म्हणाली, आंघोळ. मुलगा ताठ होतो, स्टुलावरून घसरतो. एका हाताने त्याला धरायचं, दुसऱ्याने तांब्या. साबण लावायला तिसरा हात कुठून आणू? हडपसरची आई म्हणाली, रिक्षातून उतरवणं. येरवडा म्हणाली, लंगोट बदलणं. मांड्या उघडतच नाहीत आणि मुलगी कळवळते.

उद्दिष्टं यातूनच घेतली. प्रत्येक घराचं एक, आईच्या शब्दांत. मोजायला उणे दोन ते अधिक दोन अशी पट्टी : आजची स्थिती उणे दोन, ठरवलेलं जमलं तर शून्य, त्याहून जास्त जमलं तर अधिक.

बैठक संपल्यावर धायरीच्या आईने दारात थांबवून विचारलं, "मॅडम, पण चालेल ना हो?" मुलगा पाच वर्षांचा, चौथी पातळी. अशा वेळी "बघू, प्रयत्न करू" म्हणून वेळ मारून नेणं मला आता पटत नाही. हालचालींच्या वाढीचे आलेख २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून दिसतं की या मुलांची मोठ्या हालचालींची बहुतेक क्षमता पाच वर्षांच्या आसपास आलेली असते. तिला सांगितलं : आधाराशिवाय चालण्याची शक्यता फार कमी आहे. पण बसणं, उभं राहण्यात स्वतःचा भार घेणं, खुर्चीतून पलंगावर जाताना मदत करणं, हे अजून पुष्कळ कमावता येईल, आणि पुढे तो बारा वर्षांचा, पस्तीस किलोचा होईल तेव्हा त्याचाच तुम्हाला आधार होईल. ती रडली. मग म्हणाली, "इतकं सरळ कोणी सांगितलंच नव्हतं."

२० जून, शुक्रवार

पालख्या शहरात आल्या. रस्ते बंद, आज कोणीच येणार नाही. कात्रजच्या आजोबांचा फोन : नातवाला खांद्यावर बसवून दर्शनाला नेऊ का? जरूर न्या म्हटलं. खांद्यावर पाय फाकवून बसेल, स्वतः तोल सावरेल, डोकं धरून ठेवायला दोन्ही हात वापरील. फक्त घोटे धरून ठेवा.

२६ जून, गुरुवार. धायरी, पहिली घरभेट

एक खोली, दहा बाय बाराची, आणि पलीकडे स्वयंपाकाचा ओटा. माणसं पाच. मी जानेवारीत या आईला चौदा व्यायामांचा कागद दिला होता, चित्रांसकट. त्यातल्या नवांना जमिनीवर चटई लागते. चटई पसरायला रात्री नऊनंतरच जागा होते, आणि तोवर मुलगा झोपलेला असतो.

व्यायामाची वही काढली. रोजच्या चौकटीत बरोबरच्या खुणा, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या. मी काही बोलले नाही. चहा ठेवता ठेवता तीच म्हणाली, "खरं सांगू का मॅडम? आठवड्यातून दोनदाच होतं. पण रिकामी चौकट तुम्हाला दाखवायची लाज वाटते." आधी जिथे नेत होती तिथे मुलाचे पाय आखडले म्हणून तिला चारचौघांत ऐकवलं होतं, घरी करून घेत नाही म्हणून असं झालं. तेव्हापासून ती खुणा करते.

ही वही मीच दिलेली आहे. तिच्यामुळे मला खोटी माहिती मिळत होती आणि आईला रोज एक अपराध. सातही घरांतली वही आजपासून बंद. त्याऐवजी फोनवर आठवड्यातून एक छोटा व्हिडिओ, उद्दिष्टाच्या कामाचाच, चांगला जमलेला असो वा नसो.

मग आंघोळ बघितली. प्लास्टिकचं बाजारू स्टूल, बारा इंच उंच. मुलाचे पाय लोंबकळतात. तळव्यांना जमीन लागली नाही की शरीराला टेकू मिळत नाही, मग ते मागे ताणून स्वतःला सावरायला बघतं. कंबर ताठ, पायांची कात्री, आणि मूल पुढे घसरतं. आईला वाटायचं तो हट्ट करतो. गुडघ्यामागच्या खाचेपासून टाचेपर्यंत मोजलं : नऊ इंच. शेजारी सुतारकाम करणारे काका आहेत. त्यांनी संध्याकाळपर्यंत जाड पाटाला पाय ठोकून नऊ इंचांची बैठक करून दिली, रुंद, मागे टेकायला फळी. साडेतीनशे रुपये. खाली रबरी जाळी, समोर भिंतीत छातीच्या उंचीवर एक दांडा.

आणखी एक बदल, कडेवर घेण्याचा. ती त्याला तान्ह्या बाळासारखं आडवं उचलते, कारण कडेवर घेऊ नका असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ज्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात त्याच्यासाठी आपलं कडेवर घेणं उत्तम आहे. एक पाय पुढे, एक मागे, मांड्या आपोआप उघड्या, पाठ सरळ, चेहरा जगाकडे. फक्त कड बदलत राहायची, मुलासाठीही आणि तिच्या कमरेसाठीही.

निघताना आजी म्हणाल्या, "घरातली पोरं सगळी मीच न्हाऊमाखू घातली. तुमच्या कागदावर माझं काम कुठाय, बाई?" नव्हतंच. मालिशची वेळ त्यांची ठरली. जोर नाही, झटका नाही. कुशीवर घेऊन सावकाश, आणि कपडे घालताना "हात दे" म्हणून थांबायचं, त्याने हात पुढे करेपर्यंत.

३ जुलै, गुरुवार

बिबवेवाडीची आई रडकुंडीला आलेली. रोज रात्री वीस मिनिटं पोटऱ्या ताणते, मुलगा किंचाळतो, वडील दार लावून बाहेर जातात. कोणी सांगितलं? मीच, दोन वर्षांपूर्वी.

आता जे माहीत आहे ते तिला समजावून सांगितलं. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. हाडं लांब होतात आणि ताठर स्नायू त्यांच्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून टाचा हळूहळू उचलल्या जातात. फ्रान्समधल्या तार्द्यू आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पोटरीच्या स्नायूवर अभ्यास केला. आखडणं टाळायला तो स्नायू दिवसातून किमान सहा तास ताणलेल्या स्थितीत राहावा लागतो, असं त्यांना दिसलं. सहा तास कुणाच्याही हातांनी धरता येत नाहीत. ते काम स्प्लिंटचं (पाऊल योग्य स्थितीत धरणारा साचा), गेटर (गुडघा सरळ ठेवणारा पट्टा) बांधून उभं राहण्याचं, गरज पडली तर टप्प्याटप्प्याच्या प्लास्टरचं. रोज रात्री आईच्या हाताने मुलाला रडवून ते साधत नाही.

तिने विचारलं, मग मी काय करू? शाळेतून आल्यावर स्प्लिंट काढू नका, ओट्याशी उभं करून मटार सोलायला द्या. रात्री गोष्ट सांगा. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षं तिने जे केलं ते प्रेमापोटी आणि माझ्या सांगण्यावरून केलं. मी तिची माफी मागितली.

१२ जुलै, शनिवार

वडिलांसाठी मुद्दाम शनिवार. सातपैकी तिघं आले. आई शिकते आणि घरी जाऊन बाकीच्यांना शिकवते असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती एकटीच शिकते आणि एकटीच करते.

हडपसरचे वडील चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये आहेत, रात्रपाळी करून थेट इथे आले. मुलगी आठ वर्षांची, वॉकरवर चालते. रिक्षातून उतरायला तिला चार मिनिटं लागतात. "मागे गाड्या हॉर्न मारतात, मॅडम. मी उचलून खाली ठेवतो." उचलून ठेवणं दहा सेकंदांचं काम. पण रोज दोनदा ती जी हालचाल करू शकली असती, ती दर वेळी तिच्याऐवजी वडील करतात. ते गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले, गल्लीत रिक्षावाले काका राहतात, दुपारी एक ते तीन त्यांची रिक्षा दारात उभी असते. तिथे शिकवू का? मला हे सुचलं नसतं. उभ्या रिक्षात, हॉर्नशिवाय : दांडा धरायचा, कडेला सरकायचं, उजवा पाय खाली, मग डावा, मग वॉकर.

कोथरूडचे आईवडील दोघंही आयटीत, मुलगी दीड वर्षाची, उजवी बाजू कमकुवत. चालते, पण उजवा हात मुठीत बंद. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मी विचारलं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती कोणाजवळ असते? सांभाळणाऱ्या मावशींजवळ. मग पुढच्या वेळी मावशींना घेऊन या.

१७ जुलै, गुरुवार

मावशी आल्या. दोन हात लागतील अशाच वस्तू मुलीला द्यायच्या, एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच यादी केली : झाकणाचा मोठा डबा, ओढायला कणकेचा उंडा, टाळ, पावडर पफ असलेली डबी, मोठा चेंडू. आणि उजव्या हातात काही दिलं की "किती वेळ थांबू?" असं विचारलं. दोन वर्षांत मला हा प्रश्न कोणत्याही पालकाने विचारला नव्हता. थांबणं हेच अवघड असतं. मुलाचा मेंदू हालचालीची जुळवाजुळव करत असतो आणि आपण तेवढ्यात त्याचा हात धरून काम उरकतो. दहा आकडे मनात मोजा म्हटलं.

२४ जुलै, गुरुवार. येरवडा

मुलगी नऊ वर्षांची, पाचवी पातळी. लंगोट बदलताना आईला जाणवलं होतं की डावी मांडी उजवीपेक्षा कमी उघडते आणि गेल्या दोन महिन्यांत जास्तच. ही गोष्ट तिने एके ठिकाणी तपासणीत सांगितली होती, तिथे तिला "ताठरपणाच आहे, व्यायाम करा" म्हणून परत पाठवलं. एक्सरे काढून घेतला. डावा खुबा बराच बाहेर सरकला आहे. हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली.

सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एकतृतीयांश मुलांचा खुबा सरकतो. पहिल्या पातळीवर हे जवळजवळ होत नाही, पाचवीवर दहातल्या नऊपर्यंत जातं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ठरावीक मुदतीने एक्सरे काढत राहावा लागतो. खुब्याचा कोन मी महिन्यातून एकदा मोजते. ती माउली दिवसातून सहा वेळा लंगोट बदलते. तिच्या हातांना जे कळलं ते माझ्या कोनमापकाच्या आधी कळलं होतं. सातही घरांना आज निरोप पाठवला : मांडी कमी उघडतेय, एक पाय आखूड दिसतोय, बसवताना रडायला लागलंय, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

घरात जेवणही बघितलं. मुलीला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे करून भरवतात, घास पटकन खाली जातो म्हणून. अशा स्थितीत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हिला वर्षात दोनदा न्यूमोनिया झालाय. पाठ टेकवून बसवलं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालच्या बाजूने. पहिलं जेवण चाळीस मिनिटं चाललं. आईच्या पाठीला रग लागली, म्हणून तिलाही स्टूल दिलं. मूल सोळा किलोचं, ती स्वतः पंचेचाळीसची. उचलताना आधी कुशीवर वळवायचं, गुडघे दुमडून शरीर गोळा करायचं, आपल्या छातीशी घ्यायचं, आणि घरात दुसरं माणूस असेल तेव्हा एकटीने उचलायचंच नाही. तिची कमर गेली तर हे घर थांबेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस, ताप, सर्दी. या आठवड्यात दोनच व्हिडिओ आले. वारजेच्या आईने लिहिलं, "धाकट्याला डेंग्यू झालाय, मोठ्याचं काही केलं नाही, सॉरी." सॉरी कशाला? २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३६ मुलांवर झालेल्या घरच्या कार्यक्रमाच्या अभ्यासात पालकांनी महिन्यातून सरासरी सतरा-अठरा वेळाच काम केलं होतं, दर वेळी पाव तासाहून थोडं जास्त. तरीही आठ आठवड्यांत फरक पडला, कारण उद्दिष्टं घरच्यांनी ठरवलेली होती. तिला हे कळवलं आणि धाकट्याच्या प्लेटलेट्स किती ते विचारलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीचा दुसरा दिवस. कात्रजच्या मुलाचं उद्दिष्ट : आरती संपेपर्यंत उभं राहणं आणि टाळ वाजवणं. गेटर, स्प्लिंट, समोर चौरंग. जूनमध्ये एक मिनिट राहायचा. आज सुखकर्ता ते घालीन लोटांगण, सगळं उभ्याने. घालीन लोटांगणला बाकीचे स्वतःभोवती फिरतात तेव्हा याला आजोबांनी खांदे धरून फिरवलं. मी हे मोजलं नाही, मोजायचं सुचलंच नाही. आजींनी मोदक बांधून दिले.

१३ सप्टेंबर, शनिवार

मोजणी. कोथरूड अधिक एक. हडपसर शून्य : रिक्षातून दीड मिनिटात, वडील फक्त वॉकर धरतात. कात्रज अधिक एक. बिबवेवाडी शून्य, आणि रात्रीचं किंचाळणं बंद. वारजे उणे एक, डेंग्यूनंतर सगळं घरच आजारी होतं. येरवडा : खुब्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. उद्दिष्ट होतं लंगोट बदलताना न दुखणं, ते आत्ता पट्टीवर मांडता येत नाही. धायरी शून्य : मुलगा पाच मिनिटं दांडा धरून बसतो, आई दोन्ही हातांनी साबण लावते. व्हिडिओत तो स्वतःच्या पोटाला फेस लावतोय. ते कुणी ठरवलं नव्हतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज जागतिक सेरेब्रल पाल्सी दिन. कार्यक्रम ठेवला नाही, कागदपत्रांना बसलो. सातपैकी तिघांकडे यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नव्हतं, चौघांना निरामय योजना माहीत नव्हती. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. सेरेब्रल पाल्सी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यातही आहे आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही. हडपसरच्या मुलीच्या शाळेने आईला रोज पाच तास वर्गाबाहेर बसवून ठेवलं आहे. आईची नोकरी त्यात गेली. व्यायामाबद्दल आईवडिलांना विचारताना हेही विचारायला हवं होतं, पहिल्याच दिवशी. मुख्याध्यापकांना भेटायला मी त्यांच्यासोबत जाणार आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतर.

१८ ऑक्टोबर, शनिवार

येरवड्याची शस्त्रक्रिया गेल्या आठवड्यात झाली. आईचा फोन : प्लास्टर आहे, पण झोप लागतेय मुलीला. उलटवायचं कसं, उशा कुठे द्यायच्या, हे वॉर्डातल्या नर्सबाईंना आईनेच दाखवलं.

नोव्हेंबरपासून नवीन सहा घरं. पहिल्या बैठकीत मी बोलण्याआधी धायरीच्या आईने बोलावं असं तिला विचारलं. ती आधी नको म्हणाली. आज सेंटरवर आली तेव्हा फोनवर आंघोळीचे व्हिडिओ तारखेप्रमाणे लावून आणले होते, पहिल्या घसरण्यासकट. तो पहिला दाखवायचाच, असं तिने बजावलं.

मग म्हणाली, मॅडम, गेले चार दिवस तो पुन्हा ताणतोय. मी स्नायू बघायला हात पुढे केला तर ती म्हणाली, तसं नाही, टाचा मागे सरकतात, बैठक बुटकी झालीय. मोजलं. खाचेपासून टाचेपर्यंत साडेनऊ इंच. सुतारकाकांना पायांखाली अर्ध्या इंचाच्या पट्ट्या ठोकायला सांगितल्या. पुढचं माप जानेवारीत, ती स्वतःच घेणार आहे.